केरूच्या पडवीतली पेटी

नेट बंद पडलं की आधी पिन बघायची, मग वायर, मग मशीन, आणि माणसावर संशय अगदी शेवटी घ्यायचा, अशी लवूची कामाची रीत होती. पुस्तकात वाचून नव्हे, घरोघर फिरून शिकलेली. त्यातलं शेवटचं कलम त्याला भोवलं.

देवरूखच्या अलीकडे घाटी उतरून गेलं की खालची वाडी लागते. चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळे मोबाइलला रेंज औषधालाही नाही. वरच्या वाडीतल्या लवूनं रस्त्यापासून ऐन, किंजळ, फणस अशा मिळेल त्या झाडाला बांधत काळी वायर खाली आणली आणि वाडीला नेट दिलं. मग वाडीचा मानकरी महिपत गावकार रोज संध्याकाळी मुंबईतल्या नातवाचं तोंड बघू लागला, आणि ईशा पुण्याच्या कंपनीची नोकरी ओटीवर बसून करू लागली.

लोक म्हणजे नमुने. फोन करून "नेट गेला" एवढंच सांगायचे, जसं काही ते पाहुणं होतं आणि आता एसटीत बसलं. लवू शांतपणे विचारी, राउटरवर लाल दिवा आहे की हिरवा, मागची वायर नीट बसली आहे का, एकदा बंद करून चालू केलंत का. केलं म्हणून शपथेवर सांगणाऱ्याच्या घरी जाऊन बघावं तर मिक्सर लावायला राउटरचाच प्लग काढलेला असे. एकीकडे तर राउटर गरम लागतो म्हणून कोंबडी त्यावर ठाण मांडून बसली होती. लवू हसायचा, पिन पुन्हा खटकन बसवायचा आणि चहा न घेता निघायचा.

चहा घ्यायचा तो फक्त केरूकडे. केरू त्याचा शाळेपासूनचा दोस्त. लवूला उंचीची भीती, म्हणून वायर बांधायला प्रत्येक झाडावर केरूच चढला होता. त्याचं घर वाडीच्या तोंडाशीच, तेव्हा सगळ्या घरांना नेट वाटणारी पेटी त्याच्या पडवीत बसवली. कुलूप लावायचं लवूच्या मनातही आलं नाही. दोस्ताच्या पडवीला कसलं कुलूप?

शिमगा झाला आणि दुखणं सुरू झालं. सगळ्या वाडीचं नेट एकदम जायचं. लवू स्कूटर काढायचा, रस्त्यापासून एकेक झाड बघत खाली यायचा. माकडांनी वायर ओढली असेल, खारीनं कुरतडली असेल. काही सापडायचं नाही. मग स्कूटर फटफटवत केरूच्या अंगणात उतरायचा, तर पेटीतले दिवे हिरवेगार. डॉक्टरच्या दारात पाय ठेवला की पोराचा ताप उतरावा, तसं. केरू म्हणायचा, तुझा पायगुण रे बाबा. केरूची बायको, जनी वहिनी, चहा आणायची. लवूनं पिना नव्या मारल्या, अडॅप्टर बदलला, शेवटी आतलं मशीनसुद्धा नवं घातलं. वर अडॅप्टर जळू नये म्हणून केरूला बजावून आला, की लाईट जाते-येते तेव्हा लक्ष ठेव. केरूनं मान हलवली.

वाडी कुरकुरायला लागली. ईशाच्या साहेबानं तिला पुण्याला परत बोलावण्याची भाषा केली. महिपत रस्त्यात भेटला तर बोलेना. लवूची झोप उडाली. हातचं एकच काम त्याला येत होतं, आणि तेच त्याला येत नाही असं लोक म्हणत होते.

तेव्हा केरूच म्हणाला, आता देवाला गाऱ्हाणं घालू. घातलं. देवळात चार माणसं जमवली, नारळ ठेवला आणि केरूनं स्वतः हात जोडून खड्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लवूच्या कामात कोनी आडवा येत आसंल, वाकडा बघत आसंल, त्याला सरळ कर रे म्हाराजा."

जमलेले म्हणाले, व्हय म्हाराजा. लवूचे डोळे भरून आले. आपल्यासाठी देवापुढे उभं राहणारं माणूस आहे, याचंच त्याला भरून आलं.

नेट सुधारलं नाही. गणपती तोंडावर आले, मुंबईकर येणार, तेव्हा वाडीनं नेटच्या नव्या कंपनीचा विचार करायला देवळात बैठक लावली. नेमकं त्याच सकाळी नेट गेलं. लवू घाईनं निघाला, तर पऱ्याचं पाणी ओलांडताना स्कूटरची क्लच वायर तुटली. गाडी तिथंच टाकून तो काजूच्या बागेतली पायवाट धरून केरूच्या परसातून पुढं आला.

पडवीत पेटीचं झाकण उघडं होतं. रस्त्याकडून येणाऱ्या मुख्य वायरची पिन बाहेर लोंबत होती आणि शेजारी केरू निवांत सुपारी कातरत बसला होता. त्यानं मान वर केली.

"गाडी कुठं हाय तुजी?"

एवढंच तो बोलला, आणि लवूला सगळं कळलं. उतारावरून स्कूटरचा आवाज आला की पिन आत, आणि लवू पडवीत येईतो दिवे हिरवे. तो चहा, तो पायगुण.  तो पायरीवरच बसला.

केरूनं मग लपवलं नाही. सुजयचं, म्हणजे त्याच्या मुलाचं, मुंबईत काही जमत नव्हतं. नव्या कंपनीचं इथलं काम त्याला मिळत होतं, पण वाडी त्यांच्याकडे वळली तर. आणि लवूचं नेट धड चालत असताना वाडी कशाला वळते?

"माज्याकडं मागायचंस की वाडीचं काम," लवू म्हणाला. "माज्या मागं कोन हाय? दिलं नसतं तुज्या सुजयला?"

"मागायची लाज वाटली."

"आनि गाऱ्हानं घालताना?"

केरूनं अडकित्ता मिटून ठेवला. दारात जनी वहिनी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. लवूनं पिन उचलली, बोटानं पुसली, खटकन बसवली. दिवे लागले.

बैठकीत लवूनं काही राखून ठेवलं नाही. पिन कोणी काढली, कशी काढली, कशासाठी काढली, सगळं देवासमोर सांगितलं. पेटी आजच दुसऱ्या घरी हलवतो, उद्यापासून नेट जाणार नाही, हेही सांगितलं. केरू खांबाला टेकून खाली बघत होता. त्यानं नाही म्हटलं नाही. ईशाचे डोळे तेवढे लाल झाले. लवू वाट बघत होता. आता महिपत उठेल, केरूला जाब विचारील, निदान एक शिवी तरी हासडील.

 महिपत खाकरून म्हणाला, झालं ते झालं, भावकीत वाढवायचं नाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. महिपतनं बैठकीसाठी मुंबईहून आलेल्या आणि केरूच्या मागं बसलेल्या सुजयकडे तोंड वळवलं.

"मंग पोरा, तुजा नेट गनपतीच्या आदी चालू व्हईल ना?"

केरूनं केलं ते एकट्यानं, चोरून केलं होतं. हे सगळ्या वाडीनं लवूच्या तोंडावर केलं. सुजय होईल म्हणाला, आणि कोणीतरी कुठल्या घरापासून सुरुवात करायची ते विचारायला लागलं. लवू उठला, चपला पायात सरकवल्या आणि आपली वायर सोडवायला पहिल्या झाडाकडे गेला. वर चढायला त्याच्याजवळ कोणी नव्हतं.