ग्रुपमधून बाहेर

फुकटचे सल्ले मी आजवर पुष्कळांना दिलेत, पण एका सल्ल्याचं ओझं काही उतरत नाही. तो मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला, धाराशिवात खोली करून राहत असताना, माझ्याच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला दिला.

ती लोहाऱ्याकडची. घरी मेंढरं. वडिलांनी तिला एकाच अटीवर शिकायला पाठवलं होतं: वर्ष वाया जाता कामा नये. गेलं, की घरी यायचं आणि स्थळं बघायची. त्यामुळं ती जीव तोडून अभ्यास करायची आणि मी तिच्या वह्यांवर पास व्हायचे.

एकदा तिचे वडील भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन एसटीनं आले आणि तास चालू असताना थेट वर्गाच्या दारात उभे राहिले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. माळावर हाक मारायची सवय, तोच आवाज लावून म्हणाले, "हाय का वो आमची लेक हितं?" वर्ग हसला. कुणीतरी मोबाईल धरला. संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर त्यांच्या चेहऱ्याचं स्टिकर झालं, खाली तेच वाक्य. कुणी गैरहजर असलं, टाक स्टिकर. कुणी उत्तराला उशीर केला, टाक स्टिकर. पहिल्या दिवशी मीही त्याखाली एक हसरा चेहरा टाकला. तिनं तो पाहिला. आजही मला त्याची लाज वाटते.

आम्ही सरांकडे गेलो. "मस्करी आहे, मनावर घेऊ नका," सर म्हणाले. तरी त्यांनी सूचना टाकली की ग्रुप फक्त अभ्यासाच्या कामासाठी आहे. त्या सूचनेला पहिलं उत्तर ते स्टिकरच आलं. पोरांना विचारलं तर म्हणत, "तिला कुठं काय म्हणतोय आम्ही?" खरंच, तिला कुणी काहीच म्हणत नव्हतं. मग ती भांडणार कुणाशी?

"मला म्हणले असते तर सोसलं असतं गं," ती म्हणायची. "आबांनी काय केलं ह्यांचं?" ताटातलं तसंच ठेवून उठायची.

तेव्हा मी दीडशहाणी म्हणाले, "मग बाहेर पड ना ग्रुपमधून. काय अडतंय? काही असलं तर मी आहे की सांगायला." जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पण ती बाहेर पडली, थोडी नीट जेवायला लागली, आणि मी स्वतःवर खूश झाले.

आमच्या विभागाचा सगळा कारभार त्या ग्रुपवरच चालायचा. नोटीस बोर्डावर मागच्या वर्षीचे कागद. परीक्षेच्या फॉर्मची लिंक आली तेव्हा ती आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावी गेलेली. मी त्याच दुपारी नेट कॅफेत जाऊन माझा फॉर्म भरला आणि तिला सांगायचं विसरले. दुसरं काही कारण नाही. विसरले.

ती परत आली तोवर उशिराची मुदतसुद्धा संपली होती. अर्ज झाले, विनवण्या झाल्या. शेवटी वडील आले. ऑफिसच्या खिडकीशी हात जोडून उभे राहिले, 'वर्ष गेलं' हेच उत्तर ऐकलं, मग माझ्याकडे वळले.

"तू संगंच ऱ्हातीस न्हवं, पोरी? जरा आठवण करायची व्हतीस."

मी तोंड उघडलं. त्यांच्या पाठीमागून तिनं मान हलवली, नको. ती ग्रुपमधून का बाहेर पडली, हे सांगायचं तर त्यांचंच हसं झालेलं सांगावं लागलं असतं.

"हितली लेकरं लई गुणी," ते म्हणाले. "हिच्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

"व्हय आबा," ती म्हणाली, "माझंच चुकलं."

स्टिकरचं नको, पण मी विसरले एवढं तर मला सांगता आलं असतं. तेही मी सांगितलं नाही.