शेवटचा गडद

मास्तरांच्या रंगपेटीत एकच रंग असायचा. बर्न्ट अंबर, बिनदुधाच्या चहासारखा तपकिरी. तोच पाण्यात कमीजास्त करून ते डोंगर, म्हशी, माणसं, सगळं रंगवायचे. शाहूपुरीतल्या त्यांच्या माडीवर शिकायला जाणाऱ्या आम्हा नोकरदार हौशी मंडळींनी त्यांचं नाव तपकिरी मास्तर ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा दाट संशय आहे.

ऑफिस सुटल्यावर पहिल्यांदा मी तिथे गेले ती रंगांची नवी कोरी पेटी मिरवत. त्यांनी ती कौतुकाने उघडून पाहिली, बंद केली आणि परत माझ्या हातात दिली. "रंग कुठं पळून जात न्हाईत. आदी उजेड कुठनं येतोय ते बघ." उजेड म्हणजे कोरा कागद. तो राखायचा, मग फिकट हात द्यायचा, तो वाळला की मधला, आणि गडद अगदी शेवटी. एवढीच त्यांची शाळा, पण ती संपता संपत नसे.

गेलेल्या माणसांचे फोटो घेऊन लोक त्यांच्याकडे येत. एकदा कोडोलीचे दोघे भाऊ वडिलांचा जुना काळा-पांढरा फोटो घेऊन आले आणि चित्र रंगीतच हवं म्हणून अडून बसले. वडील गोरे होते की सावळे, यावरून तिथेच दोघांची जुंपली. मास्तर शांतपणे म्हणाले, "पावणं, रंगावर तुमचं जमायचं न्हाय. माझ्या रंगात न्या." चित्र न्यायला आले तेव्हा थोरला नुसता बघत राहिला. "आबाच हायत की," एवढंच धाकटा म्हणाला.

मला मात्र शेवटचा गडद लावायला कधी जमलं नाही. तो एकदा लागला की मागे घेता येत नाही, म्हणून हात थांबायचा. मास्तर जरा वेळ वाट पाहायचे, मग माझ्या हातातला ब्रश घेऊन स्वतःच लावायचे आणि मेंगळट चित्र उठून बसायचं. "भ्यालीस म्हणून फिकं राहिलंतं की," म्हणायचे, आणि आतल्या दाराकडे तोंड करून काकूंना हाक द्यायचे, "झालं बघा. टाका चहा." हातातलं चित्र पुरं झाल्याशिवाय त्या घरात चहा होत नसे. काकूंच्या ते अंगवळणी पडलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांना कॅन्सर निघाला. अन्न तुटलं, जिना सुटला. एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. "माझं काढ. गेल्यावर फोटोवरनं काढत बसू नको." मी कागद फळीवर लावला. "आणि ह्या खेपेला गडद तूच लावायचा," त्यांनी बजावलं. फिकट झाला, मधला झाला. कपाळावरचा उजेड मी जिवापाड राखला. डोळ्यांची पाळी आली तोवर ते पार थकले होते. "उरलेलं पुढच्या रविवारी," असं त्यांनीच सांगितलं.

पुढच्या रविवारच्या आत मास्तर गेले.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी ते चित्र माझ्यापुढे आणून ठेवलं. "डोळं न्हाईत की गं ह्यात. असं कसं लावू भिंतीला?"

"काकू, बिघडलं तर पुन्हा काढायला मास्तर नाहीत आता."

"तुलाच लाव म्हटलंय न्हवं त्यांनी?" असं म्हणून त्यांनी वाटीत पाणी आणून ठेवलं.

मी मास्तरांचीच ट्यूब पिळली. पाणी जवळजवळ घेतलंच नाही. भीती वाटत होतीच, तरी पापण्यांखाली गडद टेकवला. मास्तर बघायला लागले. आमचं काम तपासताना चष्म्यावरून बघायचे, अगदी तसे. मला रडू आवरेना.

काकू बराच वेळ चित्रापुढे उभ्या राहिल्या. मग पदराने डोळे पुसून आत गेल्या आणि कुणी न सांगता त्यांनी चहा टाकला.