डोमाभाऊंची एका बाजूची थंडरबर्ड

छोट्या मॉडेल गाड्या जमवणाऱ्या मित्रांनो, आपलं दुखणं एकच आहे. विकणारा गाडीच्या एकाच बाजूचा फोटो टाकतो, आणि पार्सल उघडलं की दुसऱ्या बाजूचा रंग उडालेला! ही लबाडी आहे आणि तिच्याविरुद्ध मी बोलत राहणार... पण आज एका खऱ्या माणसाबद्दल सांगतो.

सत्तावन-अठ्ठावन साल असेल. मी नऊ वर्षांचा, वडील नागभीड स्टेशनात तिकीटबाबू. कुणी प्रवासी वेटिंग रूममध्ये अमेरिकन मासिक विसरून गेला, आणि त्यात ती होती... थंडरबर्ड मोटार.

दोघांपुरती, फिकट निळी, दाराच्या मागे जहाजाला असते तशी गोल खिडकी. बाहेर धुळीतून बैलबंड्या जायच्या, आणि मी मनातल्या मनात त्या गोल खिडकीतून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे पडताना बघत असायचो...

तान्हा पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची पोरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत तोरणाखाली उभी राहतात. मी हट्ट धरला, बैल नको, ही गाडी हवी.

सगळ्या पोरांचे बैल डोमाभाऊ सुतार करायचे. त्यांनी मासिकातलं ते पान आठ दिवस भिंतीला लावून ठेवलं. मग शिवण झाडाच्या लाकडातून गाडी निघाली... खिडकी, दार, चाकांवरची पांढरी पट्टीसुद्धा! मी ती फिरवली. दुसरी बाजू कोरी. नुसतं रंधा मारलेलं लाकूड.

"डोमाभाऊ, अर्धीच काऊन?"

"चित्रात येकच बाजू हाय, बाबू. दुसरी पाह्यली नाई, कशी कोरू?"

"तशीच असन ना!"

"बैलाच्या दोन बाजू सारख्या रायतेत काय? मंग हिच्या काऊन रायतीन?"

तोरणाखाली मी कोरी बाजू भिंतीकडे करून उभा राहिलो. पण रांग वळली आणि सगळ्यांना दिसली. "अर्धी गाडी! डोमाले येतच नाई!" एकच हशा. माझ्या डोळ्यांत पाणी. डोमाभाऊ तिथेच उभे होते.

"येत नाई असं नाई, पाह्यली नाई," ते शांतपणे म्हणाले. "ज्यानं पाह्यली त्यानं सांगावं." मग माझ्याकडे वळले, "तू मोठा झाला का पाहून ये. मले सांग. मंग पुरी करतो."

मी मोठा झालो, सभा गाजवल्या. न पाहिलेल्या गोष्टींवरही ठासून बोललो, हे कबूल करतो... खूप वर्षांनी पहिली धातूची थंडरबर्ड हाती आली. खोक्यातून काढली आणि आधी फिरवली. दुसऱ्या बाजूलाही तशीच गोल खिडकी... सांगायला डोमाभाऊ मात्र उरले नव्हते.

आज कपाटात साठ-सत्तर गाड्या आहेत. सगळ्यांच्या पुढे ती लाकडी. पुरी करून देतो म्हणणारे सुतार भेटले, मी करू दिली नाही. दुपारी ऊन त्या कोऱ्या बाजूवर येतं, आणि मला वाटतं, आत्ता त्यातून एक खिडकी उघडेल...

तुमच्या कपाटातली एक गाडी आत्ता काढा. फिरवा. आणि तिच्या दोन्ही बाजूंचे फोटो इथे खाली टाका.