जीपचं दावं

माझं पोट आणि जीपचं स्टिअरिंग यांच्यात सुरुवातीला चांगलं एक वीत अंतर होतं. पाचव्या महिन्यात ते चार बोटांवर आलं, आणि सहावा संपता संपता वळण घेताना मला श्वास आत ओढून धरावा लागायला लागला. हल्लीच्या गाड्यांची सीट मागे सरकते. आमच्या जीपची सीट कुणीतरी कधीकाळी थेट पत्र्याला नटबोल्टने आवळून टाकली होती. ती सरकणार नव्हती, आणि बाळ तर मुळीच सरकणार नव्हतं.

जीप माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना शेवटपर्यंत ती नवऱ्याची वाटायची. लग्नाआधी, नोकरी पक्की झाल्यावर, मी ती जुनीच घेतली. दोन दारं, तीही कापडी. वर ताडपत्रीचं छप्पर, मागे समोरासमोर दोन बाकडी, मागची बाजू सताड उघडी. रंग एके काळी हिरवा असावा. नवऱ्याला ती चालवता यायची, पण क्लच इतका जड की दोन सिग्नल झाले की तो मांडी चोळत बसायचा. मला सवय होती. भाजीवाल्यापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळे मला 'जीपवाल्या मॅडम' म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

तिच्यात खोडी भरपूर होत्या. भर पावसात इगतपुरीला गेलो की ताडपत्री गळायची, मग नवरा शेजारी छत्री उघडून बसायचा, आणि अर्धी छत्री माझ्या डोक्यावर धरायचा. घाटात लोक गाड्यांच्या काचा खाली करून हसायचे. आम्हीही हसायचो. लग्नाचं पहिलं वर्ष आठवायचं म्हटलं की मला ती छत्रीच आठवते.

या जीपला घरात मान होता तो एकट्या सासऱ्यांकडून. ते नामपूरचे, कांदा पिकवणारे. नाना म्हणतो आम्ही त्यांना. माझ्याशी बोलताना ते जरा जपून, शहरी मराठी बोलायला जातात, पण खुशीत आले की त्यांची अहिराणी काही लपत नाही. पहिल्या पोळ्याला मी जीप घेऊन गावी गेले, तर त्यांनी बैलांबरोबर तिलाही ओळीत उभी केली, बॉनेटवर गेरूचे ठिपके काढले आणि टपावर पुरणपोळी ठेवली. "मेहनतनं जनावर शे हाई," म्हणाले. त्या दिवसापासून नाना आणि मी एका पक्षात होतो.

दिवस गेल्याचं कळल्यावर मात्र सगळं जग दुसऱ्या पक्षात गेलं. आईचा रोज सकाळी फोन यायचा, शेजारच्या काकू जिन्यात गाठायच्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "येता कशाने?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चष्मा लावला. नवरा एकटाच काही बोलत नव्हता. पण त्याच्या फोनवर हल्ली चार दारांच्या गाड्यांची चित्रं दिसायची, मी आले की तो क्रिकेट लावायचा. मला सगळ्यांचाच राग यायचा. माझा स्वभाव मुळात असाच आहे, कुणी 'हे सोड' म्हटलं की माझी मूठ आणखी घट्ट होते.

आणि खरी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मला भीती वाटत होती. जीप गेली की जीपवालीही जाईल, असं वाटायचं. मग घरात उरेल ती कुणाची तरी आई. पिशव्या सांभाळणारी, मागच्या सीटवर बसणारी, 'हळू चालव' म्हणणारी. बाळ मला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण त्याच्या बदल्यात मी स्वतःच निघून जायचं, हे मान्य होत नव्हतं.

म्हणून सातव्या महिन्यात एका रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, "आपण प्रयोग करून बघू." नानांनी पाठवलेलं कांद्याचं पोतं गॅलरीत होतं. बाळ साधारण तीन किलोचं असतं, म्हणून मी तीन किलो कांदे वजनकाट्यावर घेतले, आईच्या जुन्या मऊ साडीत गुंडाळले, टोकाला कुंचीसारखी घडी घातली आणि ते गाठोडं मागच्या बाकड्याला ओढणीने बांधलं. ओढणीच्या चार गाठी मारल्या. नवऱ्याने ते सगळं हाताची घडी घालून पाहिलं. "बांधलंय तर नीट," एवढंच म्हणाला.

मीच चालवायला बसले. अगदी बैलगाडीच्या वेगाने, गंगापूर रोडने. आरशात गाठोडं दिसत होतं, शहाण्या बाळासारखं पडून होतं. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला टोमणाही मारून घेतला. आणि तेवढ्यात तो स्पीडब्रेकर आला, ज्याचे पांढरे पट्टे केव्हाच पुसले गेले होते. जीप उडाली तशी मागची बाकडीही उडाली. गाठ सुटली नाही, गाठ जागच्या जागी होती. साडीतून कांदे तेवढे निसटले.

मागून एका स्कूटरवाल्याची हाक आली, "ओ मॅडम, थांबा! तुमचं काहीतरी पडलं!"

मी ब्रेक लावला आणि तशीच बसून राहिले. हात स्टिअरिंगवरच होते. आरशात दिसत होतं, नवरा खाली उतरला होता आणि रिक्षा, स्कूटर, दुधाचा टेम्पो सगळ्यांना हात करत रस्त्यावर घरंगळलेले कांदे वेचत होता. एक कांदा टेम्पोच्या चाकाखाली गेला. त्याचा वास माझ्यापर्यंत आला, की मला तसं वाटलं, कोण जाणे. नवरा शर्टाच्या ओच्यात कांदे घेऊन आला आणि शेजारी बसला. आता बोलेल, आता बोलेल म्हणून मी वाट पाहिली.

"भजी करू या," तो म्हणाला.

मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायलाच लागले. डोळे पुसत म्हटलं, "विकू या हिला." त्याने मान डोलावली. मांडीवरचा एक कांदा घरंगळला, तो त्याने पायाने अडवला. त्या दिवशीची भजी मात्र फार सुरेख झाली होती, हेही सांगायला हवं.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. भंगारात द्यायची नाही आणि नुसती शोभेला उभी करायची नाही, अशा माझ्या दोन अटी होत्या. एक गृहस्थ इगतपुरीचे निघाले. नोकरी रेल्वेत, घरची भातशेती. बांधावरून रोपं आणि माणसं न्यायला त्यांना असलंच वाहन हवं होतं. ठरलं. पुढच्या रविवारी ते गाडी न्यायला येणार होते.

आदल्या दिवशी नाना आले. जीप चालली म्हणून खास निरोपाला आले, असं ते म्हणाले नाहीत, पण पिशवीत गेरू होता. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी खाली जीपकडे बोट दाखवून मला विचारलं, "पोरी, तिनं दावं कोनतं शे?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. त्यांच्याकडे गाय विकली, बैल विकला, तरी त्याचं दावं विकत नाहीत. गळ्यातली दोरी सोडून घेऊन घरात ठेवायची, घेणाऱ्याने आपलं दावं आपण आणायचं. "ढोर इकतस, दावं इकतस नही. दावं घरमा शे तर खुटा रिकामा ऱ्हास नही." दोरी घरात असली की गोठा ओस पडत नाही, कुणी ना कुणी येतंच त्या खुंट्याला.

"गाडीला कसलं दावं, नाना?" मी हसले. ते हसले नाहीत. चहा संपवून खाली गेले आणि बराच वेळ जीपभोवती फिरत राहिले.

सकाळी ते गृहस्थ आले. मी बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. नवऱ्याने कागद दिले, मी चावी दिली. ते सीटवर बसले, चावी फिरवली, डावा हात गिअरवर गेला आणि तिथेच थबकला.

"ताई, मूठ कुठं हाय?"

मी वाकून बघितलं. गिअरच्या दांडीवर मूठ नव्हती. नुसती लोखंडी दांडी, वर आटे. ती मूठ मूळची नव्हतीच. प्लास्टिकची फुटल्यावर मी एका सुताराकडून सागवानाची घडवून घेतली होती, चिकूपेक्षा थोडी मोठी. माझ्या तळहाताने ती घासून घासून काळपट, गुळगुळीत झाली होती. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने नानांकडे. नाना कठड्याशी उभे होते, एक हात सदऱ्याच्या खिशात.

"नाना!" नवरा म्हणाला. तो चांगलाच ओशाळला होता. "अहो, तो गाडीचा भाग आहे. द्या तो."

"दावं शे ते," नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "तुना हात कायम तठेच ऱ्हास."

जाता-येता नाना माझ्या जीपमध्ये मागे बसले होते, बाकड्याला धरून हेलकावे खात, आणि माझा हात कुठे असतो हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. इतके महिने मी जी गोष्ट कुणाला सांगितली नव्हती ती न सांगताच कुणीतरी खिशात घालून ठेवली होती. मला तिथे, पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर रडू फुटलं.

इगतपुरीचे गृहस्थ आधी गोंधळले, मग खाली उतरले आणि नानांसमोर जाऊन उभे राहिले. "बाबा, तुमचं बरोबर हाय. आमच्यातबी दावं देत नाय. आमीच इसरलो." त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, गिअरच्या दांडीला गुंडाळला आणि दोन घट्ट गाठी मारल्या. "हे घ्या. आमचं दावं आमी आणलं." लिंबू चिरडून जीप गेटबाहेर गेली. वळणावर त्यांनी हॉर्न दिला. हॉर्न तिचाच होता, घसा बसलेला.

नवी गाडी आली ती पांढरी. नाशकातल्या निम्म्या घरांसमोर उभी असते तशी. मॉलच्या पार्किंगमध्ये मी दोनदा दुसऱ्याच्याच गाडीचं दार ओढलं आहे. क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात, काच वर केली की बाहेरचा रस्ता मुका होतो, आणि सीट इतकी मागे सरकते की त्या पोटात जुळी असती तरी चाललं असतं. खरं सांगते, लाज वाटावी इतकं सुख झालं मला. मी पहिला आठवडा उगाच नाक मुरडलं, दुसऱ्या आठवड्यात तेही सोडून दिलं. आणि भाजीवाला अजूनही त्या पांढऱ्या गाडीकडे बघून ओरडतो, "या, जीपवाल्या मॅडम!" त्याला मी आजवर दुरुस्त केलेलं नाही.

मुलगी झाली. वजन तीन किलोच्या वर थोडं भरलं. नवरा माझ्या कानात म्हणाला, "कांदे कमी घेतले होते आपण."

नाना आमच्या घरी ठेवून गेलेल्या त्या मुठीतला लोखंडी आटा नवऱ्याने काढून टाकला, भोक लाकडाने बुजवलं आणि पॉलिशपेपरने घासलं. मुलीला दात यायला लागले तेव्हा घरात रंगीबेरंगी रबरी खेळणी ढिगाने होती, तिने पसंत केली ती ही मूठ. मागच्या सीटवर, तिच्या खुर्चीत, तिन्ही पट्ट्यांनी आवळून बसवलं की ती आधी कांगावा करते, मग मूठ हातात दिली की चघळत बसते.

गेल्या महिन्यात तिला पहिल्यांदा नामपूरला नेलं. नाना आम्हाला न्यायला नाशकात येऊन राहिले होते, ते मागे तिच्याजवळ बसले. नवरा माझ्या शेजारी झोपलेला. गावाच्या अलीकडे बाजार समितीकडे जाणारे कांद्याचे ट्रॅक्टर रस्ताभर उभे, पुढचं काही हलेना. मी गाडी थांबवली. मुलीने त्या थांबण्याचा निषेध सुरू केला, मूठ फेकली, नानांनी उचलून दिली, पुन्हा फेकली. मी डावा हात मागे नेला. तसाही तो हात हल्ली रिकामाच असतो. नानांनी मूठ माझ्या तळहातावर ठेवली. ती अजून तिथे नेमकी बसते. मी ती मुलीपुढे धरली, तर तिने मूठ घेतली नाही. मुठीसकट माझी बोटंच दोन्ही हातांनी धरली आणि चघळायला लागली. रडणं बंद.

पुढचा ट्रॅक्टर हलला. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मला हात सोडवून घ्यायचा होता आणि ती सोडत नव्हती.

नाना आरशात माझ्याकडे बघून मिशीत हसले. "समजनं का पोरी, दावं कोना गळामा शे?"

"माझ्या," मी म्हटलं, आणि एका हाताने गाडी पुढे काढली.