बुढी मरून राहिली होती

माही शाळा चवथीवर सुटली. मंग कापूस वेचला, लोकाच्या वावरात निंदण केलं, लग्न झालं तं सासरीबी तेच केलं. घरवाला तापानं गेला तवा लहाना पोरगा अंगावर पीत होता. त्याच्यात सांगण्यासारखं काही नाही, आमच्या इकडे अशा लय बाया हायत.

मंग पांढुर्ण्याच्या मंडीत संत्रे निवडाचं काम भेटलं. मोठा इकडे, लहाना तिकडे, डागी बाजूले. हाताले काम असे, तोंडाले नसे. म्हणून मी बायाईले गोष्टी सांगो. काही आयकलेल्या, काही मनानं लावलेल्या. एखादी म्हणे, "हे खरं हाय काय व?" मी म्हणो, "तुले काय कराचं हाय? संत्रा पाय." गोष्ट अर्धी राहिली तं बाया सुट्टी झाल्यावरबी उठत नसत. मुकादम हासे. म्हणे, "मावशी, तू खाडा नोको करत जाऊ. तू नसली का ह्या बाया चार वाजतापासून घराकडे पाहतात."

गुडघे गेले अन् मंडी सुटली. घरी बसली तं तोंड बंद झालं. भूक सोसली, पण हे जड गेलं.

माही सून शाळेत शिकवते. एक दिवस म्हणे, "आई, पुण्याच्या एका दिवाळी अंकानं नवीन लिहिणाऱ्या बायांच्या गोष्टी मागवल्या. तुम्ही शेंगा सोलता सोलता सांगता ते मी टाइप करू काय?"

म्हटलं, "माह्या गोष्टी छापाले त्याइले काय येड लागलं?"

"लागलं तं लागलं. आपलं काय जाते?"

मी बोलून राहिली, ती मोबाइलवर टाइप करून राहिली. पहिल्या दिवशी तिनं 'मले'चं 'मला' करून टाकलं. वाचून दाखवलं तं मले वाटे, हे कोणत्या मास्तरणीची गोष्ट हाय? म्हटलं, "बाई, तोंडातून निघते तसंच राहू दे." तिनं तसंच केलं.

गोष्ट एका सासू-सुनेची. त्यातली सासू म्हणजे माहीच सासू. बुढी कामाले खमकी. शिवी देली नाही, हात लावला नाही. पण इतक्या वर्षात तिनं मले कधी इचारलं नाही का तू जेवली काय. सगळ्याइचं झालं का मी चुलीपाशी बसो, टोपल्यात जे असे ते खावो. कधी काहीच नसे. बुढीले ते दिसे. मरतानी तिनं आपल्या मेलेल्या पोराले आवाज देल्ला, माह्याकडे पाहिलंबी नाही. मी पाणी पाजलं, डोळे मिटवले, पुढच्या कामाले लागली.

गोष्टीतबी मी तसंच सांगत आली. बुढी मरून राहिली, सून पाणी पाजून राहिली. अन् एकदम बुढी म्हणे, "तू जेवली काय व?"

कसं निघालं तोंडातून, मलेच ठाऊक नाही. टाइप करता करता सून थांबली. म्हटलं, "टाक. सरली गोष्ट."

बाकी सारं घडलेलं होतं. तेवढी एक ओळ माही.

गोष्ट घेतली त्याइनं. सून शाळेतून येता येता लोधीखेड्याचे पेढे घेऊन आली. मंग छापाच्या आधी पाहाले त्याइनं मोबाइलवर पानं पाठवली. सून वाचत गेली, मी आयकत गेली. शेवटी आलं, 'बुढी मरून पडली होती. सुनेनं तिच्या तोंडात पाणी घातलं.'

मी म्हटलं, "पुढं वाच."

"पुढं नाही आई. एवढंच हाय."

सुनेनं पानं वर-खाली करून परत पाहिली. मंग सून म्हणे, "जाऊ द्या आई. बोलाले गेलो अन् त्याइनं गोष्टच काढून टाकली तं? नाव तं छापून येऊन राहिलं ना."

तिचं चुकलं नव्हतं. मलेबी नाव छापलेलं पाहाचं होतं. दोन दिवस मी गोष्टीचं नाव काढलं नाही. पण जेवाले बसली का तेच आठवे. तेवढं एक वाक्य मी बुढीच्या तोंडात घातलं होतं, अन् नेमकं तेच गेलं. तिसऱ्या दिवशी सुनेले म्हटलं, "लाव फोन."

तिकडून संपादक बाई बोलली. आवाज गोड. "आजी, कथा फार आवडली हो. पण तुमची सासू आधीच मरून राहिली होती ना? मग ती बोलणार कशी? म्हणून ते वाक्य काढलं."

मले पयले समजलंच नाही. समजलं तं हासू आलं. "बाई, मरून राहिली होती म्हणजे मेली नाही ना अजून! मी तुमच्यासंग बोलून राहिली, म्हणजे बोलणं चालू हाय ना? तसंच तिचं मरणं चालू होतं."

बाई हासली. खूप येळ हासली. "अगं बाई! म्हणजे मरत होती. आणि मी तिला आधीच मारून टाकलं. मग 'मरत होती' असं करू या? आमचे वाचकही माझ्यासारखेच फसतील."

तिचं म्हणणं बरोबर होतं. पण माही बुढी 'मरत होती' नव्हती. मंडीत एखाद्या बाईले गोष्ट नाही समजली तं मी गोष्ट बदलत नसो, अजून एक ओळ जोडो. म्हटलं, "असं लिवा. बुढी मरून राहिली होती. डोळे उघडे होते, सुनेकडे पाहून राहिली होती. मंग ते वाक्य."

बाईनं लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. मंग हळूच इचारलं, "खरंच म्हणाल्या होत्या का तसं?"

"गोष्ट हाय, बाई," म्हटलं.

अंक आला. नाव पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. माही जेठानी, म्हणजे मोठी जाऊ, मोहगावले राहते, तिले वाचता येत नाही. आली तं सुनेनं तिले पुरी गोष्ट वाचून दाखवली. जेठानीनंबी त्याच चुलीपाशी तेच दिवस काढले. शेवट आयकला अन् तिचं तोंड उतरलं.

"बुढी तुले असं म्हणे?" ती म्हणे. "मले तं कधी नाही म्हटलं. तू लाडाची होती मंग."

मले तिच्यापाशी नाही लपवता आलं. म्हटलं, "मलेबी नाही म्हटलं व. मनानं लावलं मी."

"खोटं?"

"खोटं."

ती पदरानं चष्मा पुसत बसली. मले वाटलं, आता बोलते काहीतरी, मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं छापलं म्हणून. चष्मा घातला, अंक हातात घेतला, उलटाच धरला होता, सुनेनं सीधा करून देल्ला.

"मंग एक कर," जेठानी म्हणे. "दुसरी लिवशीन तं तिच्यात मलेबी इचाराले लाव."