काढून राहिलो

"'मले' नव्हे. 'मला'. म्हणा."

मी म्हटले, "मला."

"पुन्हा. मोठ्याने. पलीकडच्या ओट्यावर ऐकू गेले पाहिजे."

अमरावतीच्या कचेरीची पडवी. भर दुपार. मी चाळिशी ओलांडलेला, डोक्याला पागोटे, कानावर बोरू. मला सुधारणारे शिरस्तेदार, कचेरीचे वडील कारकून, पुण्याकडचे, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. माझा अपराध एवढाच की "मले कागद पाह्यजे" असे मी बोलून गेलो होतो. पक्षकार हसले, शिपाई हसले. ज्यांचे अर्ज मी लिहीत असे, तेही हसले. त्यांचे हसणे थांबेपर्यंत मी 'मला' म्हटले.

त्या दिवशी मी संतापलो नाही. मी सुधारलो. तिथूनच माझी वाट चुकली.

मी बार्शीटाकळीचा. पंतोजींच्या शाळेत तीन वर्षे काढली, पुढे स्वतःच्या बळावर मोडी घोटली. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत माझ्या अक्षराचे वळण कोणीही ओळखी. हे गर्वाने नव्हे, नोंद म्हणून लिहितो. त्या दुपारनंतर मी अक्षराप्रमाणे जीभही घोटली. आज हे लिहितो आहे ती भाषाही तिथलीच. ती आता अंगातून निघत नाही.

हे दिवस कापसाचे आहेत. दूरच्या मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडच्या बोंडाला एकाएकी मान आला. कचेरीच्याच साहेबाला कपाशीच्या झाडाची चित्रे विलायतेला पाठवायची होती. पाती, फूल, हिरवे बोंड, फुटलेले बोंड. त्यासाठी त्याने चितारी मागवला. बंगल्यामागची खोली, शिधा आणि रंग दिले. झाडाचा हंगाम संपेपर्यंत राहा म्हणाला.

चितारी आला तो बार्शीटाकळीच्या आमच्याच गल्लीतला. गुणाजीदादा. लग्नघरच्या भिंती रंगवणारे, पन्नाशीचे, गावाबाहेर कधी न राहिलेले गृहस्थ. अमरावती त्यांना परमुलूखच वाटली. संध्याकाळी माझ्या बिऱ्हाडी येऊन बसत.

"इथं बोलावं कोनाशी गा, भाऊ? खानसामा हिंदुस्थानी हाकते. शिरस्तेदार पोथीवानी बोलते. येक झाड तेवढं माह्यासंग बोलते."

"काय म्हणते झाड?"

"म्हनते, घाई नोको करू."

आणि ते घाई करीत नसत. कपाशीचे फूल उमलते तेव्हा पिवळे असते, दुसऱ्या दिवशी लालसर होऊन मिटते. दादा ते मिटेपर्यंत समोर बसत. रंग बदलला की कुंचला बदलत.

ती खोली शिरस्तेदारांना आपल्या मेव्हण्यासाठी हवी होती. साहेब दौऱ्यावर गेला तेव्हा त्यांनी दादांना पडवीत बोलावले आणि मला लिहायला बसवले.

"साहेबांना कळवायचे आहे. काम कुठवर आले?"

दादा म्हणाले, "मी चित्र काढून राहिलो."

वऱ्हाडात याचा अर्थ कोणालाही विचारा. चित्र काढतो आहे. काम चालू आहे. शिरस्तेदार मात्र हसले.

"ऐकलेत? चित्र काढून, राहिलो. म्हणजे काढून झाले, आणि मग राहिलो. लिहा. चित्रे काढून पुरी झाली असून त्यानंतर येथेच राहिलो आहे."

मी बोरू उचलला. खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"का हो? तुमच्यात अजून ते 'मले' शिल्लक आहे की काय?"

मी लिहिले. सुंदर लिहिले.

ज्याला सही येत नाही त्याला कागद वाचून दाखवायचा, मग त्याने आपल्या धंद्याची निशाणी काढायची, असा रिवाज. कुणबी नांगर काढतो. चितारी कुंचला. दादा पुढे झाले आणि म्हणाले, "काय लिवलं, भाऊ? वाच."

कागदावर एक होते. मी वाचले दुसरे. नजर अक्षरांवर ठेवून मी म्हणालो, "मी चित्र काढून राहिलो."

"हां. बरोबर."

त्यांनी कुंचला काढला. केसन् केस दिसावा असा. इतकी देखणी निशाणी माझ्या हाताखालून कधी गेली नाही. तिच्याखाली मी लिहिले: वाचून दाखविले, ऐकून कबूल.

साहेब परतला. तो पुण्याच्या पंडिताकडे मराठी शिकलेला. चित्रे न मागवता, नुसता कागद वाचून म्हणाला, "काम पुरे झाले. तुम्ही बसून खाता."

दादा कळवळले. "नाई सायब! मी काढून राहिलो ना! आजूनबी काढूनच राहिलो!"

"पाहा," शिरस्तेदार म्हणाले, "स्वतःच्या तोंडाने सांगतात."

पडवी हसली. दादा तेच पुन्हा सांगत होते, कारण खरे बोलायला त्यांच्याजवळ तेवढेच शब्द होते. मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो. दोन्ही बोली येणारा तिथे मी एकटा. तोंड उघडले नाही.

दादांना खोली सोडावी लागली. चित्रे बंगल्यात राहिली. बोंड अजून फुटायचे होते.

दोन दिवसांनी शिरस्तेदारांनी मला आत बोलावले. सतरंजीवर बसा म्हणाले. पडवीतल्या माणसाला सतरंजी! मी बसलो. त्यांना दादांच्या नावाचा आणखी एक कागद हवा होता. चित्रांवर माझा हक्क नाही, पुढे लागतील ती चित्रे दुसऱ्याने काढावी, असा.

"त्याची निशाणी घेऊन या. वाचून दाखवण्याची कला तुम्हाला आहेच."

त्यांना ठाऊक होते. सारे ठाऊक होते. त्या क्षणी मला कळले की 'मला' म्हणायला शिकवले ते मला माणसात घेण्यासाठी नव्हे. आमच्या माणसाचा गळा धरायला त्यांना आमचाच हात हवा होता. हात मी दिला. वळणदार अक्षरासकट दिला.

दादा गाडीतळावर होते. गावाकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत कुंचले धूत होते. मी पहिल्या कागदावर काय लिहिले होते ते सांगितले. एकही शब्द न वगळता.

त्यांनी धुतलेला कुंचला पिळून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तू वाचलं तवा मी कागदाकडं नाई पाह्यलं. तुह्या तोंडाकडं पाह्यलं. आपल्या गल्लीतलं तोंड हाये म्हनून."

मी पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय ओढून घेतले.

"पाय काहून धरतं? पायानं चित्र काढतो का मी?"

गाडी आली. ते चढले. मागे पाहिले नाही.

मी कोरा कागद घेऊन कचेरीत आलो.

"निशाणी?"

"आणली नाही. आणणार नाही."

"मग या ओट्यावर तुमची जागा नाही. उठा."

"उठून राहिलो," मी म्हणालो.

त्यांना अर्थ मी समजावून दिला नाही.

याला कोणी धैर्य म्हणू नये. धैर्याची वेळ तो कागद वाचून दाखवण्याची होती, ती मी घालवली. दादांची खोली गेली. समोर बसून पाहिलेले झाड गेले. मी फक्त एका ओट्यावरून उठलो.

साहेब सोमवारी कचेरीत बसतो. मी नवा कागद लिहून ठेवला आहे. कोणत्या शब्दाचा वऱ्हाडात काय अर्थ होतो, मी काय लिहिले, काय वाचले, आणि लिहिण्याचा हुकूम कोणाचा, सर्व नावानिशी. खोट्या दस्ताला कोणती शिक्षा होते ते मी आजवर अनेकांना समजावून सांगितले आहे. मला वेगळे समजावण्याची गरज पडणार नाही. मागणे एकच घातले आहे: गुणाजी चितारी यांस खोली व काम परत मिळावे. ते येवोत, न येवोत. क्षमेचा मजकूर घातलेला नाही.

साहेब म्हणेल, वाचा. पडवीत सारे जमलेले असतील. मी मोठ्याने वाचणार. कागदावर असेल तेच.