कुंपणापाशी सापडलेला लावा

वरंधजवळ एका कंपनीने रिसॉर्ट काढलं आणि दर रविवारी ती पिंजऱ्यातले लावे पक्षी उडवून पाहुण्यांना छर्ऱ्याच्या बंदुकीने मारायला देऊ लागली. मी गावातल्या शाळेत शिक्षिका. एका सोमवारी मला कुंपणापाशी पंख मोडलेला लावा सापडला. तो मी तसाच मॅनेजरपुढे ठेवला.

"मॅडम, पाळलेले आहेत. नाहीतरी खायचेच," तो म्हणाला.

"मग एका घावात मारा. हा कालपासून तडफडतोय."

बोलता बोलताच लाव्याने मान टाकली.

ग्रामसभेत मी हा खेळ बंद करा म्हणून अर्ज वाचला. रिसॉर्टमध्ये भांडी घासणारी शेजारीण म्हणाली, "बाई, आमचं पोट हाय त्याच्यावर. सही नाय करणार." अर्जावर माझी एकटीचीच सही राहिली. रविवारी बार ऐकू आले की अजूनही मी खिडक्या लावून घेते.